मचूळ पाण्यातले झिंगे

आमच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी एक उथळ काचेची पेटी आहे. दीड फूट लांब, फूटभर रुंद, उंचीला जेमतेम वीतभर. तिच्यात भोकाभोकांचे काळे दगड आहेत आणि त्या दगडांवर लाल झिंगे चरत असतात. एकेक झिंगा शिजलेल्या बासमतीच्या दाण्याएवढा. घरात आलेला पाहुणा आधी विचारतो, "मासे कुठायत?" मग वाकून बघतो, झिंगे दिसतात, आणि दुसरा प्रश्न येतो, "मोठे झाले की खायचे का?" हे एवढेच राहतात म्हटलं की त्याचा रस संपतो आणि तो चहाची वाट बघायला लागतो. मीही आता फार समजावत बसत नाही.

मी बारामती एमआयडीसीत एका दूध प्रकल्पाच्या लॅबमध्ये काम करते. सकाळी टँकर लागतात, आम्ही नमुने घेतो, फॅट बघतो, दुधाचा दाटपणा मोजायला लॅक्टोमीटर बुडवतो. दुधात पाणी घातलं की लॅक्टोमीटर खाली जातो. मग काही हुशार लोक त्यात साखर नाहीतर मीठ घालून त्याला परत वर आणतात, आणि आम्ही ते पकडतो. इतकी वर्षं हेच केल्यामुळे माझा कशावरच चटकन विश्वास बसत नाही, आणि जे दिसलं ते तोंडावर बोलून टाकायची सवय लागलीय. माझा नवरा शाळेत भूगोल शिकवतो. तो म्हणतो, दुधाचं राहू दे, तुझ्या जिभेला एक मीटर लावून घे.

झिंगे आले ते पुण्याहून. आमच्या लॅबला काचसामान पुरवणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना घरी मासे पाळायचा भारी नाद. एकदा येताना त्यांनी बरणीतून बारा झिंगे आणले. म्हणाले, "मॅडम, आळशी माणसानं पाळावं असं हे जनावर आहे. रोज खायला घालायचं नाही, पाणी बदलायचं नाही, पंप नाही, काही नाही. दगडावरचं शेवाळ खातात. नीट ठेवलंत तर वीस-वीस वर्षं जगतात." पाणी मात्र मचूळ लागतं. समुद्राच्या पाण्याच्या निम्मं खारं. ते मोजायला वेगळं काही घेऊ नका, तुमचा लॅक्टोमीटर चालेल, बाराच्या आसपास ठेवा, हेही त्यांनीच सांगितलं. आणि निघताना दारात उभं राहून सांगितलं, "पाणी उडून कमी झालं की वरनं साधं आरओचं पाणी घाला. तेवढंच लक्षात ठेवा."

मी ते लक्षात ठेवलं. दोन महिने त्याप्रमाणे केलंही. त्यानंतर काय झालं ते सांगायचं तर आधी आमच्या आबांचं सांगायला पाहिजे.

आबा म्हणजे माझे वडील. इंदापूर तालुक्यात, निमगाव केतकीच्या अलीकडे फाट्यावरून आत गेलं की आमचं गाव. कालव्याच्या खालच्या अंगाला आमचं तीन एकर रान. काळी, भारी जमीन. आबांनी जन्मभर त्यात ऊस केला, आणि ऊस म्हणजे पाणी. सरीत पाणी डोळ्याला दिसलं पाहिजे, नाहीतर त्यांना जेवण जायचं नाही. कालव्याचं पाळीचं पाणी आलं की ते, पाळी नसली की हिरीचं. हीर म्हणजे आमची विहीर. तिचं पाणी मी लहान असताना पिण्यासारखं होतं, नंतर चहा फाटायला लागला, नंतर मचूळच झालं. रानही तसंच हळूहळू बिघडलं. उन्हाळ्यात ढेकळांवर पांढरं फुटायचं. ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडायचा. शेवटी शेवटी तर बेणं पण उगवेना.

झिंगे यायच्या दोनेक वर्षं आधी मी शहाणपणा केला. रानातली माती घेऊन तपासून आणली आणि अहवाल घेऊन गावी गेले. बांधावर आबा होते, आणि भावकीतली तीन माणसं होती, त्यांत आमचे धाकटे चुलतेही होते. मी तो कागद सगळ्यांसमोर वाचला. क्षार वाढलेत, निचरा नाही, वगैरे. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणाले, "आबा, दुसऱ्या कुणाचा दोष नाही यात. पाणी पाजून पाजून तुम्हीच मारलंय हे रान."

आबा एवढंच म्हणाले, "व्हय." मग बांधाच्या कडेला बसून कळशीतल्या पाण्यानं पाय धुवायला लागले. पायाला चिखल नव्हता. तरी धूत बसले.

त्या दिवसानंतर आबा रानात गेले नाहीत. गावात राहायचे, देवळापर्यंत जायचे, परत यायचे. रानात वेडी बाभूळ माजली. आई पाच वर्षांपूर्वी गेलेली, घरात एकटेच. मग डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांना बारामतीला आणलं आणि मी परत जाऊच दिलं नाही. "लेकीच्या दारात किती दिस ऱ्हायाचं," असं ते दर आठवड्याला म्हणायचे आणि नवरा त्यांना दर आठवड्याला थांबवून घ्यायचा. माझ्याशी ते नीट बोलायचे. राग नव्हता. तोच तर त्रास होता. भांडले असते तर मी भांडले असते आणि मिटलं असतं.

माफी मागणं आमच्या घरात कुणाला येत नाही. आमच्याकडं चुकलेलं माणूस दुसऱ्या दिवशी भाकरीवर जरा जास्त तूप घालतं, समोरचं ते खातं, आणि विषय संपतो. आबांना मी दीड वर्ष तूप वाढत होते. डॉक्टरांनी बंद केलेलं असूनही वाढत होते. ते खायचे, पण विषय काही संपत नव्हता.

तर झिंगे आले तेव्हा आबा आमच्याकडेच होते. पहिल्या दिवशी त्यांनी पेटीत वाकून बघितलं आणि म्हणाले, "ही तर जिती सुकट हाय की." मग म्हणाले, "समद्यांची मिळून चटणी किती हुईल? येक बोट?" पण दुसऱ्या दिवसापासून खुर्ची ओढून तिथंच बसायला लागले. नवा चष्मा, नवा डोळा, त्यांना सगळं बारीक बारीक दिसायला लागलेलं. कुठला झिंगा कात टाकतो, कुठला दगडाच्या भोकात दडून बसतो, सगळं मला संध्याकाळी सांगायचे. मी कामावरून दमून यायचे आणि चप्पल काढायच्या आत झिंग्यांचा अहवाल सुरू व्हायचा.

एक दिवस त्यांनी विचारलं, "पाणी कसलं हाय ह्ये?"

"मचूळ," मी म्हणाले.

त्यांनी पेटीत बोट बुडवून जिभेला लावलं. जरा वेळ चव घेतली. "आपल्या हिरीचं ह्याच्यापरीस कमी खारं हाय," म्हणाले.

दोन वर्षांत त्यांनी हिरीचं नाव पहिल्यांदा काढलं होतं. मी भाजी चिरत होते, तशीच थांबले. माझ्या डोक्यात एकदम आलं की या पाण्याचा उपयोग आहे. ज्या पाण्यानं ऊस जळतो तेच पाणी या झिंग्यांना लागतं. मचूळ पाण्यातल्या जिवाला मचूळ पाणी, यात चुकायचं काय? मी म्हणाले, "आबा, आरओचं पाणी म्हणजे मेलेलं पाणी. यांना आपल्या हिरीचंच चांगलं. आणता का एक कॅन?"

खरं सांगायचं तर झिंग्यांशी त्याचा संबंध थोडाच होता. आबा परत रानात जावेत एवढंच मला हवं होतं. तुमचं पाणी वाईट नाही, असं तोंडानं म्हणता येत नव्हतं, ते मी कॅन पुढे करून म्हणत होते. पण मी लॅबमधली बाई, म्हणून पुरावाही गोळा केला. पहिला कॅन आला तेव्हा त्यातलं पाणी लॅक्टोमीटरनं मोजलं. चार आलं. पेटीत बारा, हिरीत चार. म्हणजे सौम्यच की. पुण्याच्या गृहस्थांनी साधं पाणी घाला म्हणून सांगितलं होतं ते मला आठवत होतं, नाही असं नाही. पण त्यांना आमची हीर कुठं माहीत होती? असं मी मनाशी म्हटलं आणि मोकळी झाले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मला शाळेपासून पाठ आहे.

मग दर पंधरा दिवसांनी आबा सकाळच्या एसटीनं गावी जायचे. हिरीवर उतरून दहा लिटरचा कॅन भरायचा, धाकट्या चुलत्यांकडं जेवायचं आणि दुपारच्या गाडीनं परत. कंडक्टर ओळखायला लागले. एकानं विचारलं, "आबा, बारामतीला पाण्याची एवढी टंचाई हाय व्हय?" तर हे म्हणाले, "आमच्या झिंग्यास्नी दुसरं चालत न्हाय." ते परत येऊन सांगताना इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले. मग रानातलंही एकेक बोलणं निघायला लागलं. बाभूळ किती वाढलीय, बांध कुठं फुटलाय, चुलत्याची म्हैस आपल्या रानात कशी शिरते. माझा नवरा मला म्हणाला, "तुझे झिंगे कामाला आले." मला फार बरं वाटलं. इतकं बरं मला प्रमोशन झालं तेव्हाही वाटलं नव्हतं.

त्यात पौषाच्या सुमाराला एका मादीच्या पोटाखाली अंडी दिसली. आबांनीच बघितली. "ही गाभण हाय," म्हणाले. मला आधी पटेना. भिंग घेऊन बघितलं तर खरंच दहा-बारा तांबूस अंडी, आणि ती मादी त्यांना पायांनी सतत वारं घालत होती. साधारण सव्वा महिना ती ते ओझं घेऊन हिंडली. मग एका सकाळी पाण्यात टाचणीच्या टोकाएवढे पिवळसर ठिपके दिसले, डोकं खाली करून लोंबकळणारे. मला वाटलं कचरा आहे. आबा म्हणाले, "कचरा सवता हालत न्हाय." महिन्याभरात ते ठिपके दगडावर उतरून चालायला लागले. नऊ पिल्लं जगली. बाराचे एकवीस झाले.

हे काम सोपं नाही, असं पुण्याचे गृहस्थही फोनवर म्हणाले. पुष्कळ लोकांकडं झिंगे नुसते जगतात, वाढत नाहीत. मी हिरीच्या पाण्याबद्दल त्यांना सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते मला तेव्हाही माहीत होतं.

आबांनी मात्र सगळ्या गावाला सांगितलं. आपल्या हिरीच्या पाण्यात पिल्लं झाली. ज्या पाण्याला लोक नावं ठेवतात त्या पाण्यात जीव वाढतोय. देवळात सांगितलं, एसटीत सांगितलं, भावकीत सांगितलं. धाकट्या चुलत्यांनी मला फोन करून विचारलं, "ती पिल्लं इकायची हायेत का?" मी म्हणाले, नाही हो. ते म्हणाले, "मग एवढा गाजावाजा कशापायी?"

होळी झाली आणि ऊन लागलं. कूलर सुरू झाला, तोही नेमका पेटीशेजारी. उथळ पेटी, वर झाकण नाही, पाणी भराभर उडायला लागलं. दोन दिवसांत बोटभर खाली. आणि आमच्या घराण्यात पाणी खाली गेलेलं कुणाला बघवत नाही. मी कामावर जाताना घालायची, आबा दुपारी घालायचे. काठोकाठ भरलेली पेटी दिसली की दोघांनाही बरं वाटायचं. आता पंधरा दिवसांचा कॅन आठ दिवसांत संपायला लागला. आबा चालले परत एसटीनं, बाहेर ऊन मी म्हणतंय तरी.

वैशाखात झिंग्यांचा रंग उडायला लागला. लाल होते ते फिके गुलाबी झाले, मग पाण्यासारखे पारदर्शक. एका मादीनं अंडी टाकून दिली. मग मरायला लागले. आधी एक, मग दोन, मग रोज सकाळी एखादा दगडाखाली आडवा. आबा खुर्चीवरून उठेनात. म्हणायचे, "उन्हाचा तडाखा बसला आसंल. पाणी ताजं आणतो." आणि कॅन घ्यायचे.

सातवा मेला त्या दिवशी मी लॅबमधून लॅक्टोमीटर घरी आणला. आबा आंघोळीला गेले होते. तेवढ्यात पेटीतलं पाणी उंच भांड्यात काढून तो सोडला. तो खाली जाईचना. अठ्ठावीसवर थांबला. दूध असतं तर मी पास केलं असतं.

मी तिथंच फरशीवर बसले. बारावरून अठ्ठावीस. समुद्रापेक्षा जास्त. पाणी उडतं, मीठ उडत नाही. वरून पुन्हा थोडं मिठाचं पाणी घातलं की ते मीठ आधीच्या मिठात जमा होतं. चार म्हणजे सौम्य असेल, पण रोज चार, आणि बाहेर जायला वाट नाही. आठवीच्या पोराला कळेल असली गोष्ट. दुसऱ्यांच्या दुधात रोज बुडवायचा तो लॅक्टोमीटर मी माझ्या पेटीत पहिल्या दिवसानंतर एकदाही बुडवला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आणि माझा नवरा, जो दरवर्षी मुलांना क्षारपड जमिनी कशा होतात ते फळ्यावर आकृती काढून शिकवतो, तो रोज त्या पेटीसमोर बसून चहा पीत होता.

पण मी फरशीवरून उठत नव्हते ते झिंग्यांमुळे नाही. आता आबांना काय सांगायचं? तुमच्या हिरीच्या पाण्यानं झिंगे मेले, हे? एकदा भावकीसमोर सांगून झालंय की तुमच्या पाण्यानं रान मेलं. आता परत तेच? तो माणूस दोन वर्षांनी कुठं माणसात आला होता.

मग मी लबाडी केली. आयुष्यभर भेसळ पकडणारी मी, मीच भेसळ करायला लागले. आबा दुपारी झोपले की हिरीचं पाणी बेसिनमध्ये ओतून द्यायचं आणि कॅनमध्ये आरओचं भरून ठेवायचं. आबा कॅनमधून पाणी घालायचे, समाधानानं. आणि कॅन संपला की पुन्हा निघायचे. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, बाहेर चाळीसच्या वर ऊन, एसटीत उभा राहून दहा लिटर पाणी आणतोय, आणि मी ते बेसिनमध्ये ओततेय. नवरा म्हणाला, "हे बरोबर नाही, सांगून टाक." मी त्याच्यावरच ओरडले. म्हणाले, "तू भूगोल शिकव जा."

असे पंधरा दिवस गेले. मरायचे थांबले, पण रंग येईना. चौदा उरले होते.

एका रविवारी जेवणं झाल्यावर आबा खुर्चीत बसले होते. मी पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होते. त्यांनी पेटीच्या काठावरून बोट फिरवलं. काचेवर, पाण्याच्या रेघेच्या वर, पांढरा थर धरला होता. मी तो पंधरा दिवसांपूर्वी पुसायला पाहिजे होता. त्यांनी बोटाला लागलेलं पांढरं बघितलं, जिभेला लावलं. मग पाण्यात बोट बुडवून तेही चाखलं. मग उठले, स्वयंपाकघरात जाऊन कॅन उघडला आणि त्यातलं पाणी चाखलं.

परत येऊन खुर्चीत बसले. म्हणाले, "कॅनात हिरीचं पाणी न्हाय."

मी म्हणाले, "नाही."

"कवापासनं?"

"पंधरा दिवस झाले."

मला वाटलं, आता उठतील, पिशवी भरतील आणि गावी जातील. मी घडी घातलेला टॉवेल परत उलगडून परत घडी घालत होते.

मग ते म्हणाले, "आपल्या रानासारकंच झालं की गं ह्ये. आदी वलं ऱ्हातंय. मग कडंला पांढरं फुटतंय. मग पिवळं पडतंय. म्या बघितलंय समदं. हितं आट म्हैन्यात झालं, तितं वीस वर्सं लागली, येवढाच फरक."

"आबा, तुमच्या पाण्याचा दोष नाही," मी म्हणाले. "माझा आहे. मला सांगितलं होतं साधं पाणी घाला म्हणून. मीच ऐकलं नाही."

"का ऐकलं न्हाय?"

मी टॉवेल खाली ठेवला. म्हणाले, "तुम्ही रानात जावं म्हणून." आणि मग बाकीचंही बाहेर पडलं. बांधावर मी जे बोलले ते बोलायला नको होतं, भावकीसमोर तर नकोच होतं, दोन वर्षं ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. बोलताना मी रडले. मी सहसा रडत नाही. रडले की माझा चेहरा फार वाईट दिसतो.

आबांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "तू बोललीस त्ये खोटं न्हवतं. मला बी आदीपासनं कळलं व्हतं. पर आता तुला बी कळलं आसंल. पाणी खाली गेलं की घालावं वाटतं. माया आसती म्हणून घालतो आपुन. रान मारायला कुणी पाणी देतं व्हय?"

मी मानेनंच नाही म्हणाले.

"मग झालं तर," म्हणाले. "आता आदी ह्यास्नी वाचीव."

त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून पेटीचा निचरा केला. आबांनी ठिबकची बारीक नळी शोधून काढली आणि तिच्यानं तांब्याभर खारं पाणी खाली उतरवलं. तेवढंच साधं पाणी थेंब थेंब वर सोडलं. मला एकदम निम्मं बदलायची घाई होती. त्यांनी हात धरला. "दमानं. जीव हाय त्यो. येकदम बदललं की मरंल." रोज एक तांब्या काढायचा, एक घालायचा. काढलेलं पाणी मी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतायला निघाले तर ते खेकसले, "आगं, त्येला कशाला मारतीस आता?" नवऱ्याला हसू आवरेना. तीन आठवड्यांनी लॅक्टोमीटर तेरावर आला. तेव्हापासून तो घरीच आहे. दर रविवारी बुडवते आणि वहीत लिहिते.

पावसाळ्यात रंग परत आला. चौदाचे चौदा लाल. नारळी पौर्णिमेच्या आसपास एक मादी पुन्हा अंडी घेऊन फिरायला लागली. आबा म्हणाले, "आता हिच्याफुडं कूलर लावू नगा म्हंजे झालं."

आबा गावी जायचं थांबले नाहीत. फक्त कॅन न्यायचे बंद झाले. दसऱ्याच्या आधी मला म्हणाले, "येत्या आयतवारी तू बी चल. खालच्या अंगाला चर काढायला लावलाय. पाण्याला वाट करून देतो. माझ्या हयातीत रान सुधरंल न सुधरंल, पर वाट तरी हुईल." मी गेले. बांध तोच. बाभूळ तोडलेली होती आणि रानाच्या खालच्या कडेला छातीइतका खोल चर खणला होता. त्याच्या तळाला पाणी झिरपून साचलं होतं, आणि ओढ्याकडं हळूहळू सरकत होतं. काठावर भावकीतली तीच तीन माणसं उभी होती. चर बघायला आली होती.

धाकट्या चुलत्यांनी मला बघितलं आणि विचारलं, "काय गं, तुझ्या त्या झिंग्यांचं काय झालं? आबा लई सांगत व्हते, आता काय बोलत न्हायत."

मी तोंड उघडायच्या आत आबा पुढं झाले. माझ्या खांद्यावर हात ठेवला, तिघांकडं बघून हसले आणि म्हणाले, "काय व्हणार? डेरीतली मोठी सायबीण ही. पाणी पाजून पाजून मारले हिनं."

तिघंही हसले. आबा माझ्याकडं बघत होते.

मी म्हणाले, "व्हय."